नाईलची खिंड आणि तिच्या काठचे रान



भूगोल हा विषय मी तेहतीस वर्षे शिकविला. परंतु ज्या नद्यांची नावे मुलांकडून घोकून घेतली त्यांपैकी कृष्णा, गोदावरी आणि काशीयात्रेच्या निमित्ताने एकदा गंगा, एवढ्यांचेच पाणी काय ते माझ्या पायांस लागलेले होते. नाईल नदी मी दरवर्षी निळ्या खडूने फळ्यावर काढीत असे आणि तास संपताच पुसून टाकीत असे. निवृत्त झाल्यावर अनेक वर्षांनी, माझा एक जुना विद्यार्थी जो पोटापाण्याच्या उद्योगासाठी युगांडा देशात कंपाला येथे स्थायिक झाला आहे, त्याने आम्हां उभयतांस आग्रहाने बोलावून घेतले, आणि गेल्या एका जानेवारी महिन्यात ती खडूची नदी प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. त्या नदीच्या एका विशेष स्थळाविषयी, म्हणजे मर्चिसन धबधबा व त्याभोवतीचे राष्ट्रीय उद्यान यांविषयी, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम नदीचा मार्ग ध्यानी घ्यावा, म्हणजे पुढील गोष्टी समजण्यास सुलभ जाईल. व्हिक्टोरिया सरोवराची पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ११३४ मीटर उंच आहे. या सरोवरातून जिंजा गावाजवळ नाईल बाहेर पडते. १९४८ साली महात्माजींच्या अस्थींचा काही अंश येथेच तिच्या पाण्यात सोडण्यात आला. त्याचे स्मारक तेथे आहे, आणि आमच्या यजमानाने सर्वांत आधी आम्हांस तेथेच नेले. पुढे ती उत्तरेकडे वाहत जाऊन क्योगा नावाच्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या सरोवरात शिरते, तेथून निघून करुमापाशी पश्चिमेकडे वळते आणि अखेरीस अल्बर्ट सरोवरास मिळते. हा प्रवास सुमारे ४८० किलोमीटरांचा. परंतु अल्बर्ट सरोवराची पातळी अवघी सवासहाशे मीटरांच्या आत आहे. म्हणजे एवढ्या अंतरात नदीस पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरावयाचे असते. ती सारखी उतरत नाही. आरंभी थोडे उतरते, मध्ये क्योगाच्या दलदलीत जणू विसावा घेते, आणि करुमा ओलांडल्यावर मात्र खडकांवरून आदळत, फेसाळत, घाईघाईने धावू लागते. या धावपळीचा शेवट ज्या ठिकाणी होतो तेच मर्चिसन धबधब्याचे ठिकाण.

अशी एकाएकी उतरण तेथे का असावी, हा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर असे की, पूर्व आफ्रिकेची भूमी फार प्राचीन काळापासून ताणली जात असून तिला उत्तर-दक्षिण अशा लांबच लांब भेगा पडलेल्या आहेत. दोन भेगांमधील पट्टा खाली खचला म्हणजे एक खोल दरी तयार होते. तीस खचदरी म्हणतात. अल्बर्ट सरोवर हे अशाच एका खचदरीच्या तळाशी साचलेले पाणी होय. नाईल पठारावरून येते आणि या दरीच्या काठावरून तिला खाली उडी घ्यावी लागते. आपल्या सह्याद्रीच्या कड्यावरून पावसाळ्यात ओढे कोकणात उड्या घेतात, तसाच काहीसा हा प्रकार. भेद इतकाच की येथे ओढा नसून नाईल असते, आणि ती बारा महिने उडी घेत असते.

त्यातही नवल आहे ते उंचीचे नव्हे. धबधबा सुमारे ४३ मीटरांचा. आपल्या गिरसप्प्यापुढे ही उंची काहीच नाही. नवल आहे ते रुंदीचे. वर चांगली पन्नास मीटर रुंदीची असलेली नदी येथे कठीण खडकातील एका चिरेमधून जाते, आणि त्या चिरेची रुंदी आहे अवघी सात मीटर. आमच्या जुन्या शाळेतील मोठा वर्ग याहून रुंद होता. तेवढ्या फटीतून जगातील अग्रगण्य नदी स्वतःला कोंबून घेते. तेथे पाणी निळे नाही, हिरवे नाही. केवळ पांढरा, पिळवटलेला वेग असतो. काठावर उभे राहिले असता पायांखालचा खडक थरथरतो आणि तुषारांनी चष्म्याची काच क्षणात आंधळी होते. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. शेवटी तो खिशात ठेवून नुसता आवाज ऐकत उभा राहिलो.

१९६२ च्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवराच्या प्रदेशात विलक्षण पर्जन्यवृष्टी झाली. त्या पुराचे पाणी या फटीत मावेना, तेव्हा नदीने बाजूने दुसरी वाट फोडली. त्याच वर्षी युगांडास स्वातंत्र्य मिळाले असल्याने या नव्या धबधब्यास 'उहुरु', म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव पडले. धबधब्यास ठेवलेल्या नावांमध्ये हेच मला सर्वांत समर्पक वाटले. मुख्य धबधब्याच्या नावाची कथा तितकी सरळ नाही, आणि तिच्याशी माझा स्वतःचाही थोडा संबंध आहे.

कंपालाहून उद्यानापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरांचा रस्ता आहे. मोटारीत बसल्यावर माझा विद्यार्थी हसत हसत म्हणाला, "गुरुजी, आठवते का? सातवीत असताना मी आपणांस एक प्रश्न विचारला होता आणि आपण मला बाकावर उभे केले होते." मला आठवेना. तो म्हणाला, "आपण फळ्यावर लिहिले होते, मर्चिसन धबधबा, शोध सॅम्युएल बेकर, १८६४. मी विचारले, की बेकरसाहेबांना तेथवर नेले कोणी? आपण म्हणालात, हा प्रश्न परीक्षेत येत नाही." आमच्या मंडळी मागे बसल्या होत्या, त्यांनी हे ऐकून जे पदराआड हसू लपविले ते मी आरशात पाहिले. मीही हसलो, पण पुढे बराच वेळ मला काही बोलणे सुचले नाही. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर येथे, चाळीस वर्षांच्या विलंबाने, देतो.

बेकर व त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स ही दोघे १८६४ च्या मार्च महिन्यात अल्बर्ट सरोवरापाशी पोहोचली. ती तापाने जर्जर झाली होती. त्या प्रदेशात तेव्हा बुन्योरो नावाचे राज्य होते आणि तेथे कामुरासी हा राजा राज्य करीत होता. वाटाडे त्याच्या राज्यातले, झाडाचे खोड कोरून केलेल्या होड्या तेथल्या लोकांच्या, आणि वल्ही मारणारे हातही त्यांचेच. सरोवरातून नदीच्या मुखात व तेथून नदीने वर, अशा रीतीने त्या नावाड्यांनी साहेबांस धबधब्याच्या पायथ्याशी नेले. साहेबांनी तो पाहिला आणि लंडनच्या राजभूगोल मंडळाचे अध्यक्ष सर रॉडरिक मर्चिसन यांचे नाव त्यास देऊन टाकले. मर्चिसनसाहेबांनी हा धबधबा कधीही पाहिला नाही. ज्यांनी तो पिढ्यान् पिढ्या पाहिला होता, त्यांची नावे माझ्या फळ्यावर आली नाहीत.

कामुरासीचा पुत्र कबालेगा. बेकर १८७२ मध्ये पुन्हा आले, या वेळी ईजिप्तच्या खेदिवाचे अधिकारी म्हणून, फौजेसह. आणि मासिंदी येथे त्यांनी बुन्योरो हे राज्य ईजिप्तला जोडल्याचे जाहीर केले. तरुण कबालेगाने त्यांस लढून माघार घ्यावयास लावले. पुढे इंग्रजांशीही तो कित्येक वर्षे झुंजला. १८९९ साली जखमी होऊन पकडला गेला आणि त्यास हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर पाठविण्यात आले. १९२३ मध्ये स्वदेशी परत येण्याची परवानगी मिळाली, परंतु राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच जिंजा येथे, त्याच नाईलच्या तीरी, त्यास मृत्यू आला. १९७० नंतरच्या दशकात इदी अमीन याने धबधब्यास कबालेगाचे नाव दिले होते. १९७९ त अमीनची सत्ता गेल्यावर जुने नाव परत आले. चांगले नाव वाईट माणसाने दिले, की त्या नावाचेही वाईट होते.

ज्या अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांस नव्वद दिवसांच्या मुदतीत देशाबाहेर घालविले तोच हा. गुजराथी दुकानदार, पंजाबी कारागीर आणि सरकारी कचेऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या हिशेब राखणारे आपले गोवेकर बंधू, सर्वांसच घरदार सोडून जावे लागले. हा विषय मोठा आहे. येथे एवढेच पुरे.

वाटेत झिवा या ठिकाणी गेंड्यांचे एक रक्षणस्थान लागते. युगांडातील शेवटचा रानगेंडा १९८३ च्या सुमारास मारला गेला. २००५ पासून येथे केनयाहून व अमेरिकेतून पांढरे गेंडे आणून त्यांची वीण वाढविण्याचा उद्योग चालू आहे. २००९ साली येथे जे पहिले पिल्लू जन्मास आले त्याचा पिता केनयाचा व माता अमेरिकेची. म्हणून त्याचे नाव ओबामा ठेविले! रखवालदाराच्या मागून पायी चालत आम्ही हे गेंडे वीस-पंचवीस पावलांवरून पाहिले. ते चरत होते. गवत तोडण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

आता प्रत्यक्ष उद्यानात येऊ. त्याचा विस्तार सुमारे ३८४० चौरस किलोमीटर असून युगांडातील हे सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान होय. नदी त्याचे दोन भाग करते. दक्षिणेकडे दाट झाडी व बुडोंगोच्या अरण्याचा शेजार, तेथे चिंपांझी वानर आहेत. उत्तरेकडे खुली गवताळ माळराने आणि मधून मधून उंच ताडाची झाडे. हा ताड आपल्या ताडाचा सख्खा चुलतभाऊ. हत्ती त्याची फळे आवडीने खातात आणि बिया लीदेबरोबर दूर दूर टाकतात, त्यामुळे हत्तीच येथील ताडवनाचे माळी आहेत असे म्हटले तरी चालेल. एका ठिकाणी आमच्या मंडळींनी मोटार थांबवावयास लावली आणि एका झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "अहो, ही चिंच!" खरोखरीच चिंच होती. आपण तिला आपली समजतो. पण शास्त्रज्ञांच्या मते चिंचेचे मूळ माहेर आफ्रिकाच आहे. आमटीतल्या चिंचेस माहेरी भेटल्याचा जो आनंद त्यांस झाला तो सिंह पाहूनही झाला नाही.

नदीवर पारा नावाचे ठिकाण आहे. त्या नावाचा अर्थ स्थानिक भाषेत पाणघोड्यांचे घर असा होतो. पूर्वी येथे मोटारी तराफ्यावर घालून पलीकडे नेत. आता पूल झाला आहे. येथूनच लाँच निघते आणि प्रवाहाविरुद्ध सुमारे सतरा किलोमीटर जाऊन धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचते. ज्यास या उद्यानात एकच दिवस काढता येईल त्याने हा जलप्रवास करावा. दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल. मात्र जानेवारी-फेब्रुवारीचे कोरडे दिवस साधावेत, कारण तेव्हा रानातले पाणी आटते आणि जनावरे नदीवर येतात.

पाणघोडे आम्हांस शेकड्यांनी दिसले. पाणघोडा हा घोडा नव्हे, डुकराचाही जवळचा आप्त नव्हे. त्याचे सर्वांत निकटचे जिवंत नातलग देवमासे होत, असे अलीकडील संशोधनाने ठरले आहे. दिवसभर तो पाण्यात असतो, कारण उन्हात त्याची कातडी लवकर सुकते व तडकते. रात्री बाहेर येऊन तो मैल-दीड मैल चरत जातो आणि पहाटे परततो. रात्री खाल्लेले गवत शेणाच्या रूपाने तो दिवसा नदीस देतो, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांवर मासे आणि माशांवर पक्षी. जमिनीवरील गवत नदीत नेऊन टाकणारा हा जणू हमालच होय.

मगरी तोंड वासून वाळूत पडलेल्या असतात. त्या चिडलेल्या असतात असे पुष्कळांस वाटते, पण ते खरे नव्हे. तोंड उघडे ठेवल्याने त्यांचे डोके थंड राहते. धबधब्याच्या पायथ्याशी त्या विशेष आढळतात, कारण वरून आदळून बधिर झालेले मासे तेथे आयतेच मिळतात.

माशांवरून एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची राहते. हा धबधबा केवळ देखावा नव्हे. ती एक भिंत आहे. खालच्या पाण्यात नाईल पर्च नावाचा एक प्रचंड, हिंस्र मासा असतो; त्याचे वजन शंभर किलोंहून अधिक झाल्याचेही आढळते. या भिंतीमुळे तो वरच्या सरोवरांत कधी चढू शकला नाही, आणि म्हणून व्हिक्टोरिया सरोवरात लहान लहान माशांच्या शेकडो जाती निर्भयपणे वाढल्या. त्यांतील कित्येक तर जगात अन्यत्र कोठेच नव्हत्या. १९५० नंतरच्या दशकात मासेमारी वाढावी या हेतूने माणसांनी हा मासा वर नेऊन सोडला. मासेमारी वाढली, परदेशी व्यापारही वाढला; पण त्या लहान माशांच्या जातींपैकी पुष्कळशा समूळ नाहीशा झाल्या. निसर्गाने युगानुयुगे बंद ठेवलेले दार आपण बादलीभर मासे नेऊन उघडले.

उत्तर तीरावरील जिराफ पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या पायांस गुडघ्याखाली ठिपके नसतात, जणू पांढरे मोजे घातले आहेत. या जातीची सर्वांत मोठी संख्या याच उद्यानात आहे. परंतु नदी पोहून जाणे त्यांस शक्य नसल्याने दक्षिण तीर ओसच होता. २०१६ च्या जानेवारीत अठरा जिराफांस मालमोटारीत उभे करून, तराफ्यावर चढवून, नाईलपार नेले. नदीच्या मध्यावर उंच माना काढून उभ्या असलेल्या त्या प्रवाशांचे छायाचित्र मी पाहिले आहे, आपल्या एस्. टी.तील सुट्टीच्या दिवसांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

युगांडा कोब या हरणाचा नर एक चमत्कारिक रीत पाळतो. बरेच नर एका उघड्या मैदानावर एकत्र येतात आणि प्रत्येकजण काही पावलांचा एक तुकडा आपला म्हणून अडवून धरतो. त्या तुकड्यात ना चांगला चारा, ना पाणी. तरी त्यासाठी दिवसभर झुंजी चालतात, कारण माद्या वर निवडण्यास तेथेच येतात. आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मुंबईतली जागा घेण्यासारखेच आहे हे." बुटासारख्या चोचीचा प्रसिद्ध बगळा नदीच्या मुखाशी असतो, पण तो आम्हांस दिसला नाही. सिंह दिसले. एका सिंहिणीचा पुढचा एक पाय पंजापाशी तुटलेला होता.

त्या पायाविषयीच मला विशेष बोलावयाचे आहे. लाँचवरील वाटाड्या तिशीच्या आतबाहेरचा, शांत स्वभावाचा तरुण होता. मी शिक्षक आहे हे समजल्यावर तो मला 'म्वालिमु' म्हणू लागला. स्वाहिली भाषेत मास्तरास म्वालिमु म्हणतात. सिंहिणीचा पाय कशाने तुटला, असे मी त्यास विचारले. तो म्हणाला, तारेच्या फासाने. शेजारच्या खेड्यांतील लोक हरणांसाठी तारेचे फासे लावतात. त्यात सिंहाचा पाय अडकतो, हत्तीची सोंड अडकते. ओढले की फास आवळतो. मोटारीच्या जुन्या टायरांतील तारही यास चालते, त्यामुळे साधनाची वाण कधी पडत नाही. पारा येथे रखवालदारांनी रानातून वेचून आणलेल्या फाशांचा ढीग आहे. तो पाहून माझ्या तोंडून कठोर शब्द गेले. तेव्हा तो तरुण म्हणाला, "म्वालिमु, माझ्या पणजोबांचे घर या उद्यानाच्या आत होते."

हे मला नवीन होते. माझी समजूत अशी की, जेथे आज रान आहे तेथे अनादि काळापासून रानच असावे. वस्तुस्थिती निराळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडात निद्रारोगाची भयंकर साथ आली. त्सेत्से नावाची माशी चावल्याने या रोगाचे जंतू रक्तात शिरतात. आधी ताप येतो, मग बुद्धी भ्रमिष्ट होते, दिवसा झोप व रात्री जागरण होऊ लागते, आणि औषध न मिळाल्यास रोगी दगावतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी लक्षावधी माणसे दगावली. तेव्हा औषध ठाऊक नव्हते. म्हणून १९०७ ते १९१२ या काळात इंग्रज सरकारने नदीकाठचा सुमारे तेरा हजार चौरस किलोमीटरांचा मुलूख माणसांविना केला. कबालेगाशी झालेल्या दीर्घ युद्धाने तो आधीच अर्धा उजाड झालेला होता. गावे उठली, शेते पडीक झाली, पडीक शेतांत झुडपे माजली, झुडपांत जनावरे वाढली, आणि माशीचे तर राज्यच झाले. १९२६ साली येथे शिकारबंदीचे राखीव रान जाहीर करण्यात आले व १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. ज्या गवतावर मी हरणांच्या झुंजी पाहिल्या, तेथे कोठे कोणाची घरे, कोठे कोणाची शेते होती. आज या रोगावर औषधे आहेत. पण माशी अद्याप आहे, आणि निळे-काळे कपडे घालून गेल्यास ती नेमकी चावते. मला चावली. दोन दिवस मान दुखत होती.

तथापि, म्हणून उद्यान मोडावे असे कोणीही म्हणणार नाही. तो वाटाड्याही म्हणत नव्हता. त्याची उपजीविका त्यावरच आहे. या रानाने थोडे का सोसले आहे? १९६० नंतरच्या दशकात येथे दहा हजारांहून अधिक हत्ती होते. सभोवारची जमीन लागवडीखाली गेल्याने ते आत कोंडले गेले आणि झाडे मोडू लागले, तेव्हा १९६५ ते १९६७ या काळात सरकारनेच सुमारे दोन हजार हत्ती मारविले. पुढे अमीनच्या राजवटीत व त्यानंतरच्या यादवीत सैनिकांनी आणि शिकाऱ्यांनी हस्तिदंतासाठी जी कत्तल केली तिच्यातून काही शेकडो हत्ती काय ते उरले. आज पुन्हा ते हजाराच्या वर गेले आहेत. यामागे रखवालदारांचे कष्ट आहेत, आणि शेजारच्या खेडुतांचे सोसणेही आहे. कारण हत्ती वाढले की ते मका व कसावा खाण्यास बाहेर येतात. प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा शेजारच्या वस्त्यांस द्यावा असा तेथे कायदा आहे, आणि २०१९ च्या कायद्याने नुकसानभरपाईचीही तरतूद केली आहे. परंतु एका रात्रीत गेलेल्या वर्षाच्या पिकास कायद्याचे कलम कितीसे पुरणार?

यावर आता आणखी एक नवे प्रकरण उभे राहिले आहे. २००६ साली अल्बर्ट सरोवराच्या खोऱ्यात खनिज तेल सापडले. त्याचा काही भाग या उद्यानाच्या खालीच आहे, आणि २०२३ मध्ये एका फ्रेंच कंपनीच्या पुढाकाराने विहिरी खोदण्यास आरंभही झाला. हे तेल मेणासारखे घट्ट असते. थंड झाले की गोठते. म्हणून टांझानियातील टांगा बंदरापर्यंत १४४३ किलोमीटरांचा नळ घालून तो वाटभर तापवीत न्यावा अशी ही योजना आहे. रानातल्या तांबड्या वाटांच्या जागी रुंद डांबरी रस्ते झाले आहेत. त्यांवरून आमची मोटार सुरेख धावली, आणि त्या सुखाची मला लाजही वाटली. तेल काढू नये असे परदेशी पाहुण्याने म्हणणे सोपे आहे. तो विमानाने आलेला असतो. वाटाड्यास मी त्याचे मत विचारले. तो म्हणाला, "माझ्या भावास रस्त्यावर काम मिळाले होते. काम संपले. आता तो पुन्हा घरी आहे." याहून अधिक तो बोलला नाही.

पाणी कमी झाले म्हणजे लाँच धबधब्यापासून बऱ्याच अंतरावर एका खडकापाशी थांबते. पुढे भोवरे असतात. तेथून पाऊण तासाची चढण चढून माथ्यावर जाता येते. आमच्या मंडळी लाँचवरच बसल्या, मी चढलो. विद्यार्थ्याने दोन वेळा हात दिला. एकदा मी तो घेतला नाही, दुसऱ्या वेळी घेतला. याच परिसरात १९५४ च्या जानेवारीत हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाचे लहान विमान एका जुन्या तारायंत्राच्या तारेस अडकून पडले होते. तो वाचला, आणि दुसऱ्याच दिवशी ज्या विमानाने परत निघाला तेही पेटले, त्यातूनही तो वाचला. वाट दमविणारी असल्याने अशा गोष्टी सांगत सांगत आम्ही वर पोहोचलो.

परतताना उत्तरेकडील पाकवाच गावावरून गेलो. तेथे पूर्वी फासे लावणारे काही तरुण आता रानातून आणलेल्या त्याच तारांपासून प्राण्यांच्या आकृती वळून विकतात. मी एक जिराफ घेतला. वळविणाऱ्याने बोटांनी तार कशी पिळतात ते करून दाखविले. त्याच्या आंगठ्यावर आडव्या जुन्या खुणा होत्या. त्या आकृतीसाठी किती फासे लागले, असे मी विचारले. त्याने मोजून सांगितले, "चार." तो जिराफ माझ्या टेबलावर, नकाशाच्या पुस्तकाशेजारी उभा आहे. शेजारची मुले येतात तेव्हा प्रथम त्यासच हात लावतात आणि विचारतात की हा कोणी केला. आणि आता मी त्यांस बसवून, नावाड्यांपासून आरंभ करून, सगळे सांगतो.